जिभेचा रोजा

रोजा फक्त पोटाचा नसतो. डोळ्यांचा असतो, कानांचा असतो आणि सर्वांत कठीण असतो तो जिभेचा. कुरआनातल्या मरियम सूरेत हजरत मरियम कोणाशीही न बोलण्याची मन्नत करतात. त्या मौनासाठी तिथे जो शब्द येतो तो ‘सौम’, म्हणजेच रोजा. ही सूरत वाचताना मला दरवर्षी आपल्या मुंबईतल्या उषाबेन मेहता आठवतात. त्या मुसलमान नव्हत्या. पण केव्हा बोलायचे आणि केव्हा गप्प राहायचे, हे त्यांच्याइतके फार थोड्यांना कळले.

उषाबेनचा जन्म 25 मार्च 1920 रोजी सुरतजवळच्या सरस गावी झाला. वडील इंग्रज सरकारचे न्यायाधीश होते, तरी वयाच्या आठव्या वर्षी ही मुलगी सायमन कमिशनविरुद्धच्या फेरीत घोषणा देत चालली. 1932 साली कुटुंब मुंबईला आले. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजातून 1939 मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि पुढे कायद्याचा अभ्यास करू लागल्या.

9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे गांधीजींसह सारे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. अशा वेळी बातमी पोचवायची कशी? बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी या साथीदारांबरोबर उषाबेननी गुप्त रेडिओ काढायचे ठरवले. युद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते, संच जमा करून घेतले होते. तरीही यंत्र उभे राहिले. शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींनी सामग्री आणि तंत्रज्ञ दिले. ऑगस्टअखेर 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. कुठून, तर भारतातच कुठून तरी, एवढेच ऐकणाऱ्यांना सांगितले जाई.

त्याच महायुद्धात बोलता-ऐकता येणारे रेडिओ संच आघाडीवरच्या सैनिकांच्या पाठीवर आले आणि वॉकी-टॉकी हे नाव रुळले. हेरांचे संच सूटकेसमध्ये मावत. बडोद्याच्या संगीतकार घराण्यातले सूफी इनायत खान यांची मुलगी नूर 1943 साली असाच संच घेऊन जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमधून लंडनशी संपर्क ठेवत होती. ती पकडली गेली, चौकशीत तिने तोंड उघडले नाही आणि सप्टेंबर 1944 मध्ये दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली.

पॅरिस असो वा गिरगाव, धोका एकच. संच बोलू लागला की त्याचा ठावठिकाणाही सांगू लागतो. दोन-तीन जागांवरून लहरींची दिशा मोजली की रेषा जिथे छेदतात तिथे तो सापडतो. म्हणून जागा सतत बदलाव्या लागत. चौपाटीवरचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेख वाडी, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला असा हा बिऱ्हाडाचा प्रवास झाला. सैनिकांच्या संचासारखी दुतर्फा सोय इथे नव्हती. यंत्र फक्त बोलायचे. ऐकायचे काम माणसे करत आणि ठिकठिकाणच्या बातम्या घेऊन येत. चितगावचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या आष्टी-चिमूरचे अत्याचार लोकांना कळले ते असे.

त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात रमजान होता. त्या रात्रींमध्येही प्रसारण इक्बालांच्या ‘हिंदोस्ताँ हमारा’ने सुरू होई आणि ‘वंदे मातरम्’ने संपे. बोलणाऱ्यांत डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन होते, कूमी दस्तूर होत्या, मोईनुद्दीन हारिस होते. आज आपण ज्या एकोप्याची भाषणे करतो, तो तिथे एका खोलीत, एका मायक्रोफोनपुढे होता. त्याची जाहिरात करायला कोणाला वेळ नव्हता.

12 नोव्हेंबरला बाबूभाईंच्या कचेरीवर धाड पडली. हे माहीत असूनही उषाबेननी त्या रात्रीचे प्रसारण चुकवले नाही. यंत्र उभारणाराच फितूर झाला होता. पोलीस दारे फोडून आत आले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजत होती. ती थांबवा म्हटल्यावरही उषाबेननी थांबवली नाही.

इथवर त्या बोलत होत्या. इथून पुढे त्यांचा जिभेचा रोजा सुरू झाला. सहा महिने चौकशी चालली. एकांतवास झाला. साथीदारांची माहिती दिल्यास परदेशी शिकायला पाठवू, असे आमिषही दाखवले गेले. त्यांनी एक नाव सांगितले नाही. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांना इतकेच विचारले, की उत्तर देणे बंधनकारक आहे का? नाही, असे कळताच त्यांनी एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार, चंद्रकांतना एक वर्ष शिक्षा झाली. मोटवानी आणि विठ्ठलदास निर्दोष सुटले.

येरवड्यात प्रकृती ढासळली. मार्च 1946 मध्ये त्या सुटल्या, तेव्हा तब्येत साथ देत नव्हती. त्यांनी सत्तेकडे पाहिले नाही. गांधीविचारावर पीएच.डी. केली आणि विल्सनमध्येच सुमारे तीस वर्षे शिकवले. आयुष्यभर खादी वापरली, लग्न केले नाही. ज्या लॅबर्नम रोडवरून लपून प्रसारण केले, त्याच रस्त्यावरच्या मणिभवनच्या त्या पुढे अध्यक्ष झाल्या. 1998 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 9 ऑगस्ट 2000 रोजी अंगात ताप असताना त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या. दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

आज प्रत्येकाच्या खिशात बोलता-ऐकता येणारे यंत्र आहे. त्यावरून खरे काय जाते, खोटे काय पसरते आणि कोणाचे घर त्याने पेटते, याचा हिशेब रमजानच्या एका संध्याकाळी, इफ्तारची वाट पाहताना, मांडून पाहायला हरकत नाही.