केळुसकर गुरुजींनी दिलेले पुस्तक

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरात वस्तीवस्तीत गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, टाळ्या आणि फोटो. सत्कार व्हायलाच हवेत. पण अशाच एका सत्कारात एका मुलाच्या हाती पुस्तक पडले आणि पुढे देशाचा इतिहास बदलला, हे सत्कार करणाऱ्यांनी विसरू नये.

तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. मुंबईत परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. वडील सुभेदार रामजी कबीरपंथी, लष्करी शाळेतले शिक्षक. मुलाला पुस्तक हवे आणि खिशात पैसे नाहीत, अशी वेळ आली की ते लग्न झालेल्या मुलीचे घर गाठीत. तिच्याकडून उसने घेत, प्रसंगी तिचा दागिना गहाण ठेवीत. भीमरावाच्या पुस्तकांसाठी त्याच्या बहिणींनी दिलेले हे मोल चरित्रांतून फार कमी सांगितले जाते.

रामजीबाबा मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. हे ग्रंथ आम्ही का वाचायचे, असे भीमरावाने एकदा थेट विचारले. कर्ण, द्रोण, वाल्मीकी यांची उदाहरणे देऊन, मुलांच्या मनातला न्यूनगंड जावा म्हणून, असे वडिलांनी समजावले. मुलाला ते पटले नाही. भीष्म-द्रोणांचे वागणे, वालीचा वध, सीतेचे हाल त्याला खटकत होते. लहानपणी वाचलेल्या या ग्रंथांचाही ठसा उमटला, पण तो प्रश्नांचा. त्या प्रश्नांनी त्याला जन्मभर सोडले नाही.

शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्याला तिथे हेरले आणि ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. पुढे समाजाने भीमरावाचा जाहीर सत्कार केला, तेव्हा गुरुजींनी १८९८ साली प्रसिद्ध झालेले आपले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. चरित्रकार हा सत्कार १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा मानतात, अध्यक्ष सीताराम केशव बोले. बाबासाहेबांनी स्वतः तो इंग्रजी चौथीनंतरचा सांगितला आहे. वर्षाबद्दल मतभेद असतील, पुस्तकाबद्दल नाही. बुद्धाची ओळख तुम्ही आम्हाला आधी का करून दिली नाही, असा जाब मुलाने वडिलांना विचारला. पुढे गुरुजींनीच त्याला सयाजीराव महाराजांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

या भेटीची आठवण बाबासाहेबांनी १९५६ साली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. पोरवयात मिळालेले पुस्तक सुमारे पन्नास वर्षे मनात तेवत होते.

आपल्याला मिळाले ते इतरांच्या मुलांनाही मिळावे, यासाठी बाबासाहेबांनी काय केले, याचा पुरावा सोलापुरातच आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ रोजी स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने हायस्कूलच्या मुलांसाठी सोलापुरात वसतिगृह उघडले. जिवाप्पा ऐदाळे यांनी व्यवस्था पाहिली, नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. त्या वसतिगृहातील मुलांनी स्वतःचे मासिकही सुरू केले. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षरबंदी होती, त्यांची मुले लिहू लागली!

बांधवांनो, विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या आई-बापांच्या घरात पुस्तक चालत येत नाही, ते कुणीतरी आणून द्यावे लागते. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवला तर एका वस्तीचे वाचनालय उभे राहील. पुढच्या सत्कारात शाल द्या, पण सोबत एक पुस्तक द्या आणि महिन्याभराने त्या मुलाला बोलावून, काय वाचलेस, हेही विचारा. केळुसकर गुरुजींनी याहून वेगळे काय केले होते?