यूजीन शूमेकर : विवरे मोजणारा शास्त्रज्ञ

विद्यार्थिमित्रांनो, ज्या भूमीवर मनुष्याचे पाऊल कधी पडले नाही, तिचे वय कसे सांगावे? ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या यूजीन शूमेकर ह्यांचे चरित्र मोठे बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी १९२८ साली झाला. दगड जमविण्याचा छंद त्यांस बालपणीच जडला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पदवीधर झाले. आणि चंद्रावर जाऊन तेथील खडक स्वहस्ते तपासावेत, ही आकांक्षा त्यांनी ऐन तारुण्यात मनाशी धरली.

अरिझोना प्रांतात सुमारे १२०० मीटर रुंदीचे एक विवर आहे. ते ज्वालामुखीचे कार्य असावे, असे कित्येक विद्वान मानीत. १९६० साली शूमेकर व त्यांचे सहकारी ह्यांना तेथे कोएसाइट नावाचे खनिज आढळले. ते प्रचंड दाबावाचून घडत नाही. सबब, ते विवर अशनीच्या आघातानेच पडले, हे सिद्ध झाले.

मग चंद्रावरील विवरांचेही कोडे उलगडू लागले. सारवलेल्या अंगणात पावसाचे थेंब पडू लागले, तर ज्या भागात खुणा अधिक, तो भाग आधी सारवलेला, हे उघड आहे. त्याचप्रमाणे, ज्या भूमीवर विवरे दाट ती प्राचीन. जिथे लाव्हारसाने जुनी विवरे बुजविली, ती त्या मानाने नवी.

परंतु १९६३ साली त्यांस ॲडिसनचा विकार जडल्याचे आढळले आणि चंद्राचा मार्ग कायमचा खुंटला. ते खचले नाहीत. जे स्थान त्यांस हवे होते, तेथे जाणाऱ्या अंतराळवीरांनाच त्यांनी खडकांची पारख शिकविली. १९६९ पासून त्या वीरांनी आणलेल्या खडकांचे वय प्रयोगशाळेत ठरले. काही ३०० कोटी वर्षांहून जुने निघाले. ते वय व विवरांची संख्या ह्यांचा मेळ घालून काळाचे मापच सिद्ध झाले. मंगळावर अशनी किती पडतात ह्याचा हिशेब करून तेच माप आज तेथील पठारांस व ज्वालामुखींसही लावितात.

१९९७ साली ऑस्ट्रेलियात विवरे शोधीत असता मोटार-अपघातात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अस्थींचा अंश एका यानातून पाठविण्यात आला, आणि ३१ जुलै १९९९ रोजी ते यान चंद्रावर आदळून विसावले.

मुलांनो, परमेश्वर एक द्वार बंद करतो, तेव्हा हातचे काम टाकू नये. दुसऱ्याला वाट दाखविणे हीही थोर सेवाच होय.