पडद्याआडचे चेहरे टिपणारे लाला दीनदयाळ

आजीच्या ट्रंकेत तळाशी पुठ्ठ्यावर चिकटवलेला एखादा पिवळा पडलेला फोटो हमखास सापडतो. ताठ बसलेली बाई, अंगावर ठेवणीतले दागिने अन् चेहऱ्यावर हसू म्हणून नाही! पण मैत्रिणींनो, सव्वाशे वर्षांपूर्वी बाईनं फोटो काढून घेणं सोपं नव्हतं. परक्या पुरुषासमोर उघड्या तोंडानं बसायचं कसं? ही अडचण ओळखली लाला दीनदयाळ यांनी.

त्यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधान्याचा. रुरकीला इंजिनिअरिंग शिकून १८६६ मध्ये ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात लागले. कॅमेऱ्याचा नाद तिथेच जडला. पुढे सुखाची नोकरी सोडून त्यांनी फोटोग्राफीलाच वाहून घेतलं. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं आणि राजा बहादुर मुसव्विर जंग हा किताब दिला.

राजे-नवाबांचे फोटो तर निघत होते; त्यांच्या घरच्या बायकांचं काय? १८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादला खास जनाना स्टुडिओ काढला. कॅमेरा हाताळायला मिसेस केनी-लेविक ही इंग्रज बाई. आत पुरुषाला मज्जाव. पडद्यातल्या बायकाही मग निर्धास्तपणे कॅमेऱ्यापुढे बसू शकल्या.

१८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. इथलं वारं वेगळं होतं. मुंबईत १८४९ पासून मराठी मुलींबरोबर पारशी मुलींच्याही शाळा चालू होत्या. पारशी बायकांना पडद्याची फारशी अडचण उरली नव्हती. आपल्या घरी ठेवणीतली पैठणी निघते ना, तसा त्यांचा रेशमी भरतकामाचा गारा निघायचा. नवरा डगली-पगडीत, पोरं नव्या कपड्यांत. अख्खं कुटुंब फोटोसाठी सजायचं. काळी-पांढरी छायाचित्रंच ती, पण साडीच्या काठावरची वेलबुट्टीसुद्धा त्यात उमटायची.

१९०५ मध्ये मुंबईतच दीनदयाळांचं निधन झालं. त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपल्या आहेत. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं.

काच जपली की चेहरा टिकतो. नाव मात्र कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. तेव्हा घरातल्या थोरामोठ्यांना आजच विचारा आणि त्या जुन्या फोटोमागं पेन्सिलीनं लिहून टाका, ही कोण, कुणाची. नुसतं अमक्याची बायको असं नको, तिचं स्वतःचं नावही हवं, बरं का!