वजन घटवणारा इंजिनिअर

आधीच सांगून टाकते, हा लेख डाएटिंगवर नाही! वजन घटवण्याचं वेड लागलेल्या एका इंजिनिअरची ही गोष्ट आहे. त्याचं नाव कॉलिन चॅपमन, लोटस या इंग्लिश स्पोर्ट्स कार कंपनीचा संस्थापक. लोटसच्या बिल्ल्यावर ए, सी, बी, सी ही चार अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतात ना, ती त्याच्याच पूर्ण नावाची : अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन.

पण १९८२ साली गेलेला माणूस आज कशाला आठवायचा? कारण २०२२ मध्ये त्याच लोटसने एलेत्रा नावाची गाडी जगासमोर आणली. पाच मीटरहून लांब, चीनमधल्या वुहानला बनणारी इलेक्ट्रिक लक्झरी एसयूव्ही, वजन अडीच टनांच्या आसपास. याच कंपनीची १९९६ ची एलिझ जेमतेम सव्वासातशे किलोंची होती. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात एक एलेत्रा ठेवली तर दुसऱ्यात तीन एलिझ ठेवूनही ते वरच राहील! तेव्हापासून जगभरचे लोटसप्रेमी विचारताहेत, चॅपमन असता तर काय म्हणाला असता?

त्याचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला. म्हणजे आपल्या भाषेत सिव्हिलवाला! (आम्हा मेकॅनिकलवाल्यांनी हे मोठ्या मनाने घ्यावं.) कॉलेजात असतानाच तो विमान चालवायला शिकला, आणि लेक्चर्समधून वेळ काढून जुन्या गाड्यांची खरेदी-विक्रीही करायचा. १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी गाड्यांचं पेट्रोल रेशन बंद केलं आणि धंदा बसला. हातात एक जुनी ऑस्टिन सेव्हन उरली. तीच त्याने मैत्रीण हेझल हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये खोलली आणि नव्याने बांधली. ही पहिली लोटस, साल १९४८. पुढे १९५२ मध्ये कंपनी काढली तेव्हा हेझलनेच २५ पौंड उसने दिले. नंतर ती मिसेस चॅपमन झाली, त्यामुळे ते पैसे परत मिळाले की नाही हा त्यांचा घरगुती प्रश्न!

आता थोडं टेक्निकल. गाडी वेगात न्यायची तर बहुतेक लोक मोठं इंजिन लावतात. चॅपमनने उलटा हिशोब मांडला. जास्त पॉवरमुळे गाडी सरळ रस्त्यावर पळेल, पण वजन कमी केलं तर ती वळणावर, ब्रेक मारताना, वेग घेताना, सगळीकडेच पळेल. न्यूटनचा दुसरा नियम आपण सगळ्यांनी पाठ केलाय, याने तो वापरला. त्याची रीत अशी, की एका पार्टकडून दोन कामं करून घ्यायची. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने पाइपांचा सांगाडा काढून टाकला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा टबच चॅसी म्हणून वापरला, विमानाच्या बॉडीसारखा. वजन कमी झालं आणि ताठपणा उलट वाढला. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर ड्रायव्हरच्या पाठीमागे चॅसी संपतेच! तिथे बोल्ट केलेलं इंजिन हाच गाडीचा मागचा सांगाडा. आज फॉर्म्युला वनमध्ये ही गोष्ट कुणाला नवीन वाटत नाही.

रिझल्ट? १९६३ ते १९७८ या काळात कन्स्ट्रक्टर्सची सात विजेतेपदं. जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ चा विश्वविजेता. १९६५ मध्येच त्याने अमेरिकेत जाऊन इंडियानापोलिस ५०० जिंकली. लोटसचा ड्रायव्हर जिंकला की चॅपमन पळत ट्रॅककडे जायचा आणि आपली काळी टोपी हवेत भिरकावायचा.

इथवर वाचून तो हिरो वाटला असेल. मलाही वाटत होता. पण या हिशोबाला दुसरी बाजू आहे. क्लार्क १९६८ मध्ये हॉकेनहाइमला लोटस चालवतानाच गेला. १९६९ मध्ये स्पेनमध्ये लोटसचा पंख (विंग) तुटून योखेन रिंट हा ड्रायव्हर जखमी झाला. त्याने चॅपमनला पत्र लिहिलं, की तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की नाजूक पार्ट मजबूत करायला थोडं वजन वाढवलं तरी आपण मागे पडणार नाही. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९७० ला, मोंझा इथे सराव करताना रिंट गेला. चाकांवरचा भार कमी व्हावा म्हणून त्या लोटस ७२ चे पुढचे ब्रेक चाकांपासून आत घेतले होते आणि ते एका शाफ्टने चाकांना जोडले होते. इटलीतल्या चौकशीत तो शाफ्ट तुटल्याचं आढळलं. ट्रॅकच्या कडेचं बॅरिअर नीट बसवलेलं नव्हतं हेही पुढे आलं. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद रिंटलाच मिळालं, मरणोत्तर.

फॅक्टर ऑफ सेफ्टी हा आपल्याकडे दोन मार्कांचा प्रश्न आहे. ही गोष्ट वाचल्यापासून मला तो दोन मार्कांचा वाटत नाही.

आणखी एक. चॅपमनला हलक्या गाड्यांचा संत समजू नका. इंग्लंडमध्ये सुटे भाग घेऊन घरी गाडी जोडली की टॅक्स वाचायचा, आणि लोटस त्यावर चालायची. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी चॅपमनने लोटस सेव्हन या आपल्या सर्वांत साध्या गाडीचे हक्क केटरहॅमला दिले आणि १९७४ मध्ये चार सीटची, महागडी, टनाच्या वर वजनाची एलीट काढली. म्हणजे श्रीमंत गिऱ्हाइकाकडे वळणं ही काही नव्या मालकांची आयडिया नव्हे! शेवट तर आणखी वाईट. डीलोरियन गाडीच्या कामात ब्रिटिश सरकारचा पैसाही अडकलेला होता, त्यातली मोठी रक्कम भलतीकडे वळवली गेली. चौकशी चालू असतानाच १६ डिसेंबर १९८२ ला हार्ट अटॅकने चॅपमन गेला, वय ५४. १९९२ मध्ये लोटसच्या फायनान्स प्रमुखाला शिक्षा झाली, तेव्हा चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान दहा वर्षं आत जावं लागलं असतं असं न्यायाधीशांनी सांगितलं.

नंतर लोटस जनरल मोटर्स, प्रोटॉन अशा हातांतून फिरली आणि २०१७ मध्ये चीनच्या जीलीने तिचा ५१ टक्के हिस्सा घेतला. २०२१ मध्ये एलिझ बंद झाली, मग एलेत्रा आली. २०२४ मध्ये कंपनीने फक्त इलेक्ट्रिकचा हट्ट सोडून हायब्रिडही आणणार असं जाहीर केलं.

तर चॅपमन काय म्हणाला असता? मला वाटतं, एसयूव्ही विकायला तो नाही म्हणाला नसता. कंपनी जगवायची आणि रेसिंगला पैसा आणायचा, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ड्रॉइंग मात्र त्याने फेकून मारलं असतं. बॅटरी जड, म्हणून ब्रेक मोठे, टायर रुंद, सस्पेन्शन भक्कम, आणि हे सगळं ओढायला पुन्हा बॅटरी मोठी! या चक्राशीच तो आयुष्यभर भांडला.

आमच्या बाजा टीममध्येही भांडणं याच विषयावर होतात. एक म्हणतो इथे ड्रिल मारू, दुसरा म्हणतो तुटेल. माझ्यापुरता मी एक नियम केलाय : गाडीतल्या प्रत्येक किलोने आपली व्हायवा द्यायची. तू इथे का आहेस? उत्तर आलं नाही तर बाहेर. पण उत्तर ड्रायव्हरचा जीव असं आलं, तर त्याला हात लावायचा नाही. पहिला अर्धा भाग मला चॅपमनने शिकवला. दुसरा रिंटच्या पत्राने.