खुद्री महसीर आणि कर्नल साइक्स

गळाचा नाद असलेल्यांना महसीर हा गोड्या पाण्यातला राजा वाटतो. पिसांची खोटी माशी त्याने उचलली की तो प्रवाहात सुसाट धावतो. रिळावरची दोरी भराभर सुटते, काठी वाकते, आणि मासा दमणार की खडकाला घासून दोरी तुटणार, हे कुणालाच सांगता येत नाही. हेन्री सुलिव्हन टॉमस यांच्या १८७३ मधल्या इंग्रजी पुस्तकाने हा थरार जगभर पोहोचवला. आपल्या दख्खनच्या महसिराची शास्त्रीय नोंद मात्र त्याआधीच झाली होती. ती करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची आज आपण ओळख करून घेऊ.

साइक्स यांचा जन्म १७९० चा. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आले आणि मराठी शिकले. १८१७ साली खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. पुढे १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांच्याकडे दख्खनची आकडेवारी जमवण्याचे काम सोपवले. गावोगाव फिरताना शेती, पाऊस, लोकवस्ती यांबरोबर त्यांनी पक्षी आणि मासेही टिपले.

पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळणाऱ्या महसिराचे वर्णन त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. शास्त्रीय नाव देताना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडचाच शब्द घेतला: खुद्री. कोळस माशाचेही तसेच. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटात बसले आणि १८७२ मध्ये वारले. आपल्या नद्यांची ही नावे मात्र जगभरच्या ग्रंथांत राहिली.

नावाला एवढे महत्त्व का? लोणावळ्याला टाटांच्या तलावाकाठी १९७० च्या दशकापासून खुद्रीची पिल्ले तयार होऊ लागली आणि दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. कावेरीतही ती गेली. तिथला मूळचा कुबडवाला महसीर आता नामशेष होण्याच्या वाटेवर आहे, आणि त्यात या पाहुण्याचाही वाटा असल्याचे अभ्यासक मानतात. सगळे महसीर एकच समजल्याची ही किंमत आहे.

आपल्या तापीचा महसीरही खुद्रीहून वेगळ्या जातीचा आहे. मुलांना उकाईला घेऊन जाल तेव्हा एवढे जरूर सांगा: प्रत्येक नदीचा मासा तिचा स्वतःचा असतो, आणि त्याला नावाने ओळखणे ही त्याला जपण्याची पहिली पायरी आहे.