तारण काय?

कर्जाचा अर्ज टेबलावर आला की आम्हा बँकवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : तारण काय? सोलापूरचा कारखानदार यंत्रमाग दाखवी, अक्कलकोटचा अडत्या तूर-उडदाची पोती, शेतकरी सात-बारा. डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल तीच मालमत्ता, हे आमचे शास्त्र. नव्वदच्या दशकात अक्कलकोटच्या शाखेत एक तरुण मुलगी आली. अडत दुकानांची रोजकीर्द-खतावणी संगणकावर ठेवता येईल असे प्रोग्रॅम लिहून विकायचा तिचा बेत होता. तारण विचारताच तिने हातातली वही पुढे केली. मी अर्ज परत केला. पुढे कितीतरी वर्षांनी डीना सेंट जॉन्स्टन या इंग्रज बाईंची हकिगत वाचनात आली आणि ती वही आठवली.

डीना यांचे माहेरचे आडनाव व्हॉन. जन्म १९३० सालचा, दक्षिण लंडनमधला. सतराव्या वर्षी शाळा सोडून त्या धातूंवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला लागल्या. नोकरी सांभाळून शिकल्या आणि लंडन विद्यापीठाची गणिताची पदवी त्यांनी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून मिळवली. १९५३ मध्ये त्या बोरहॅमवुडच्या एलियट ब्रदर्स या कंपनीत आल्या. ही कंपनी संगणक बांधत असे. पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या उन्हाळी वर्गात त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या. नौदलाच्या यंत्रासाठी त्यांनी प्रोग्रॅम लिहिले, तसेच कंपनीच्या पगारपत्रकांसाठीही.

त्यांच्या लिहिण्याची एक गोष्ट सहकाऱ्यांच्या कायम लक्षात राहिली. बाकीचे पेन्सिलीने लिहीत आणि खोडरबराने दुरुस्त करीत. डीना पार्कर पेनाने, पक्क्या काळ्या शाईत लिहीत. चूक झालीच तर ती ब्लेडने खरवडावी लागे. पण त्यांचा प्रोग्रॅम बहुधा पहिल्याच खेपेला चाले. लेजरमधल्या खाडाखोडीला आयुष्यभर भ्यालेल्या माझ्यासारख्याला या शिस्तीची किंमत सांगायला नको.

१९५८ मध्ये एलियटमधलेच अँड्रयू सेंट जॉन्स्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९५९ मध्ये नोकरी सोडून त्यांनी हर्टफर्डशायरमध्ये स्वतःची कंपनी काढली : व्हॉन प्रोग्रॅमिंग सर्व्हिसेस. ब्रिटनमधली ही पहिली स्वतंत्र सॉफ्टवेअर कंपनी मानली जाते. सॉफ्टवेअर हा शब्दही तेव्हा रुळलेला नव्हता. प्रोग्रॅम ही यंत्रासोबत यंत्र बनवणाऱ्याकडूनच यायची वस्तू, असा समज होता. गिऱ्हाइकाचे काम समजून घेऊन, कोणा एका कंपनीच्या यंत्राशी बांधून न घेता, केवळ प्रोग्रॅम लिहून द्यायचे आणि त्याचे दाम घ्यायचे, हा डीना यांचा धंदा. कंपनीकडे स्वतःचा संगणकदेखील नव्हता. म्हणजे आमच्या भाषेत ना यंत्रसामग्री, ना मालाचा साठा.

तरीही कामे आली. बीबीसी, युनिलिव्हर, ब्रिटिश रेल्वे अशी गिऱ्हाइके मिळाली. डीना माणसे निवडीत आणि त्यांना स्वतः तयार करीत. १९७० मध्ये तर या कंपनीने स्वतःचा संगणकही बनवला. एरवी यंत्रवाले प्रोग्रॅम देत. इथे प्रोग्रॅमवाल्यांनी यंत्र दिले. पुढे रेल्वेची कामे हा कंपनीचा मोठा आधार झाला. १९९६ मध्ये हार्मन इंडस्ट्रीज या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. १९९९ मध्ये डीना निवृत्त झाल्या आणि २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९६२ मध्ये स्टेफनी शर्ली यांनीही इंग्लंडात अशीच कंपनी काढली आणि घरी बसून काम करणाऱ्या बायकांच्या बळावर ती वाढवली. त्यांचे नाव जगभर झाले. डीना यांचे नाव जाणकारांपुरतेच राहिले. त्या भाषणे करीत हिंडल्या नाहीत. काम वेळेवर आणि बिनचूक देत राहिल्या.

आपल्याकडे २००० साली लहान उद्योगांना विनातारण कर्ज देता यावे म्हणून केंद्र सरकार आणि सिडबी यांची हमी योजना आली. माझ्यासमोर तो अर्ज आला तेव्हा ती नव्हती. नियमावर बोट ठेवून मी मोकळा झालो, यात माझे चुकले असे कोणी म्हटले नसते. तरी एक गोष्ट मनात राहते. त्या मुलीची वही मी उघडूनही पाहिली नाही. तारण तिच्यातच होते की काय, हे निदान पाहायला हवे होते.