न हसणारा विदूषक

चार्ली चॅप्लिन आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. बस्टर कीटनचे नाव काढले की मात्र बरेच जण विचारात पडतात. स्वतंत्र बाण्याचा विनोदी चित्रपट कशामुळे जमतो हे समजून घ्यायचे, तर मला कीटनचेच चरित्र अधिक उपयोगी वाटते.

त्याचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पिक्वा या खेड्यात झाला. आईवडील गावोगाव खेळ करणारे नट. पोराला रंगमंचावर इकडून तिकडे फेकायचे, हाच त्या खेळाचा मुख्य भाग! कसे पडावे हे तो तेथेच शिकला. आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हेही तेथेच कळले. तो निर्विकार चेहरा मग त्याने जन्मभर वागवला.

१९१७ साली रॉस्को आर्बकल या विनोदी नटामुळे तो चित्रपटात आला आणि १९२० साली जोसेफ शेंक या निर्मात्याने त्याला स्वतंत्र युनिट दिले. शेंक पैसे पुरवी आणि कामात लुडबूड करीत नसे. (असा निर्माता मिळणे हेही नशीबच.) लिहिलेली पटकथा नसे. गोष्टीची सुरुवात आणि शेवट ठरला की काम सुरू; मधले सारे वाटेत सुचायचे. काही सुचेनासे झाले की सगळे बेसबॉल खेळत. चित्रपट आधी परक्या प्रेक्षकांना दाखवायचा, आणि हशा येत नसेल तेथे कापून पुन्हा चित्रित करायचा.

'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) मध्ये वादळात घराची अख्खी भिंत त्याच्यावर कोसळते. वरची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून खाली येते आणि तो तसाच उभा! जागा दोन्ही बाजूंना जेमतेम काही इंच. भिंत खरी, माणूस खरा, मध्ये जोडकाम नाही. हेच तुकड्यातुकड्यांनी, जवळून दाखवले असते, तर कोणी विश्वास ठेवला नसता आणि हसलेही नसते, असे मला वाटते.

स्वतंत्र म्हणजे स्वस्त, असे आमच्या चित्रपट मंडळातले मित्र धरून चालतात. 'द जनरल' (१९२६) साठी कीटनने जळत्या पुलावरून खरे इंजिन नदीत पाडले. तेव्हा तो चित्रपट फारसा चाललाही नाही. आज तोच त्याचा सर्वोत्तम मानला जातो. स्वस्ताईपेक्षा चुकण्याची, थांबण्याची आणि पुन्हा करण्याची मुभा मोलाची होती.

१९२८ साली ती गेली. चॅप्लिनचा सल्ला न मानता, शेंकच्या सांगण्यावरून कीटनने एम.जी.एम.शी करार केला. आता पटकथा, वेळापत्रक, वरिष्ठांची संमती! गंमत अशी की तेथले त्याचे बोलपट मूकपटांपेक्षा जास्त चालले. पण त्यांत कीटन सापडत नाही. दारू वाढली, संसार मोडला, आणि १९३३ साली कंपनीने त्याला काढून टाकले. नंतर त्याच कंपनीत तो तुटपुंज्या पगारावर दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी विनोदी प्रसंग सुचवीत बसला.

१९४० साली एलिनॉर नॉरिसशी लग्न झाल्यावर तो सावरला. १९५२ च्या 'लाइमलाइट' मध्ये चॅप्लिनबरोबर दिसला. १९६० साली सन्माननीय ऑस्कर मिळाले. १९६५ साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा गजर केला. त्यानंतर काही महिन्यांतच, १ फेब्रुवारी १९६६ रोजी, कीटन वारला.